राखीव वेगाचा धनी कोण?

खेळांसाठीचा संगणक म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेची भलीमोठी पेटी, तीत फिरणारे रंगीबेरंगी पंखे आणि लाखाच्या घरातील किंमत उभी राहते. आमचा संगणक त्या कुळातला नव्हे. तो टेबलाच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या रांगेशेजारी मावतो आणि पाहुण्यांना तो बहुधा रेडिओच वाटतो. तथापि या लहानशा पेटीने गेल्या वर्षात आम्हांस जे शिकविले, ते सांगण्याजोगे आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे अगत्याचे आहे. त्याचा मदरबोर्ड अवघा १७ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे. ‘मिनी-आयटीएक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा आकार २००१ साली प्रथम पुढे आला. प्रोसेसर आहे एएमडी कंपनीचा ‘रायझन ५ ५६००जी’, २०२१ साली बाजारात आलेला. त्यात सहा कोअर आहेत. आणि विशेष म्हणजे पडद्यावरील चित्रे रेखाटणारा ग्राफिक्सचा भागही त्याच चिपमध्ये सामावलेला आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेण्याची आमची ऐपत नव्हती. निम्मे पैसे बाबांनी दिले आणि निम्मे ताईने शिकवण्या करून साठविले. ती विद्यापीठात संख्याशास्त्राची एम. एस्सी. करीत आहे व तिच्या प्रबंधाचे सारे कोष्टक याच संगणकात आहे. त्यामुळे तिची अट पहिल्याच दिवशी ठरली होती : “खेळा हवे तितके, पण माझ्या आकड्यांना धक्का लागता कामा नये.”

आता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाचे प्रत्येक काम एका ठोक्याच्या तालावर चालते. आमच्या ग्राफिक्सच्या भागाचा नेमून दिलेला वेग १९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १९० कोटी ठोके! एका ठोक्याच्या अवधीत खुद्द प्रकाशदेखील निर्वात जागेतून जेमतेम १६ सेंटिमीटर जाईल. आमचा मदरबोर्ड ओलांडण्यासही तेवढा वेळ त्याला पुरणार नाही. एवढ्या अल्पावधीत लक्षावधी सूक्ष्म विद्युत्संकेतांनी आपापल्या जागी पोहोचून स्थिर व्हावयाचे असते. कारखानदाराने ठरविलेल्या ठोक्यांपेक्षा अधिक ठोके यंत्राकडून घ्यावयाचे, याचेच नाव ओव्हरक्लॉकिंग. ही विद्या काही नवी नाही. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा मूळ ठोका ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागे. पुष्कळ हौशी लोकांनी तसे करून महागड्या प्रोसेसरचे काम स्वस्तात साधले. त्या काळापासून अल्प पैशांत अधिक वेग मिळविण्याची ही हौस जगभर रुजली आहे.

आमचा हा बेत ऐकून आजोबांनी एकच प्रश्न विचारला. “कारखानदारास अधिक वेग नको होता काय रे? मग त्याने हातचे राखून का ठेवले?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधण्यातच आमचे खरे शिक्षण झाले.

उत्तर असे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिप कधीही सर्वस्वी सारख्या नसतात. एक जात्याच चपळ निघते, तर दुसरी जेमतेम. कारखानदारास मात्र प्रत्येक ग्राहकाला एकाच वेगाची हमी द्यावी लागते. तीही थंड खोलीत व तापलेल्या खोलीत, आज व कित्येक वर्षांनंतरही. म्हणून तो सर्वांस झेपेल असा वेग नेमून देतो आणि वर काही राखीव ठेवतो. नवशिक्याला ही राखीव मोकळी पडलेली जागा वाटते. ती खरोखरीच मोकळी आहे की कोणासाठी तरी राखलेली आहे, हा खरा प्रश्न. नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर यंत्र चालविल्याने जी हानी होईल, ती कंपनीच्या हमीत बसत नाही, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

प्रयोगास आम्ही जानेवारीत आरंभ केला. एक वही घातली, तीत प्रत्येक बदल व त्याचा परिणाम टिपावयाचा, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि प्रयोगापूर्वी ताईच्या फायलींची नक्कल पेन ड्राइव्हवर काढून तो तिच्या कपाटात ठेवावयाचा, असा नियम केला. मोजमापासाठी मोटारशर्यतीच्या एका खेळातील एकच फेरी पुनःपुन्हा चालवीत असू.

ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, त्यात त्या कार्डाची स्वतःची वेगवान मेमरी असते. आमच्यासारख्या संगणकात ग्राफिक्स आणि प्रोसेसर या दोघांनाही एकाच रॅममधून पाणी भरावे लागते. साहजिकच गर्दी होते ती त्या वाटेवर. आमच्या रॅमच्या दोन स्टिकवर ३६०० हा आकडा छापलेला होता. पण संगणक त्या २४०० वरच चालवीत होता. बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू केल्याखेरीज छापील वेग मिळत नाही. गणित सोपे आहे. प्रत्येक हस्तांतरात एका स्टिकच्या वाटेने ८ बाइट जातात. दोन वाटांनी २४०० वेगास सेकंदाला ३८.४ गिगाबाइट होतात, तर ३६०० वेगास ५७.६, म्हणजे बरोबर दीडपट. एएमडीने या प्रोसेसरसाठी ३२०० पर्यंतचाच वेग अधिकृत मानला आहे. तेव्हा ३६०० ही देखील एक प्रकारची आगळीकच. पण फळ लगेच दिसले. त्या फेरीत दर सेकंदास ४० चित्रे उमटत होती, ती ५४ झाली. रॅमचा दाब १.२ व्होल्टवरून १.३५ व्होल्ट झाला, एवढाच काय तो भार वाढला.

त्यानंतर ग्राफिक्सच्या ठोक्याकडे वळलो. १९०० पासून पन्नास-पन्नासच्या पायऱ्यांनी वर जाता जाता २३०० गाठले. २३५० ला मात्र पडदा गोठला आणि संगणक पुन्हा चालू करावा लागला. येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम आड येतो. चिप जी वीज खाते, ती ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका व व्होल्टेज दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढविले, तर वीज दहा टक्के नव्हे, तेहतीस टक्के अधिक लागते. आणि त्या साऱ्या विजेची अखेर उष्णता होते. मोठ्या पेटीत ती सहज विरून जाते. आमच्या पेटीत तळहाताएवढ्या पंख्याने ती कोठवर उपसावी? बरे, एवढा खटाटोप करून ५४ ची ५९ चित्रे झाली. अरुंद वाट रुंद केल्याने जे मिळाले, त्याच्या निम्मेही धावणाऱ्यास पिटाळून मिळाले नाही.

मग आम्ही रॅम आणखी पुढे नेऊन पाहिली. ४००० वर संगणक चालूच झाला नाही. मदरबोर्डने तीन-चार वेळा धडपड करून आपले आपण मूळचे आकडे लावून घेतले. तसे झाले नसते, तर मदरबोर्डवरील बटणाएवढी बॅटरी काही वेळ काढून ठेवण्याचा उपाय असतोच. ३८०० वर मात्र सारे सुरळीत दिसले. खेळ चालला, गाणी वाजली, मित्रमंडळी खूष झाली. तथापि नियमाप्रमाणे रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ ही रॅमची परीक्षा लावून ठेवली. पहाटे पडद्यावर तीन लाल ओळी होत्या. अब्जावधी वाचनांत तीन चुका!

कोणी म्हणेल, अब्जांत तीन म्हणजे काहीच नव्हे. परंतु आमच्या जातीच्या साध्या रॅममध्ये स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची सोय नसते. संगणकात १००० ही संख्या दहा बिटांत लिहिली जाते. त्यांतील सर्वांत डावीकडचा एक बिट उलटला, की १००० चे ४८८ होतात. पडदा गोठत नाही, घंटा वाजत नाही. आकडा निमूटपणे बदलून बसतो. खेळात तसे घडले, तर एखाद्या झाडाचा रंग क्षणभर चुकेल. ताईच्या कोष्टकात घडले, तर तिच्या दोन वर्षांच्या कामात एक असत्य शिरेल व ते कोणासही सापडणार नाही. आम्ही त्याच सकाळी रॅम ३६०० वर आणली, दोन रात्री पुन्हा परीक्षा घेतली आणि दोन्ही वेळा एकही चूक न निघाल्यावरच ताईला खुर्ची दिली.

याउपर मे महिना उजाडला. बडोद्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे. पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तितकीच वीज खाणारी चिप खोलीपेक्षा साधारण तितक्याच अंशांनी गरम राहते. जानेवारीत खोलीत २२ अंश असताना चिप ७० अंशांवर होती. मेमध्ये खोली ३६ वर गेली आणि चिप ८४ वर. तिची कमाल मर्यादा ९५ अंशांची, तेव्हा धोका नव्हता. पण तापलेल्या चिपमधील संकेत मंदावतात आणि हिवाळ्यात निर्वेधपणे चाललेला २३०० चा ठोका दुपारच्या वेळी डळमळू लागला. आम्ही तो २२०० वर आणला. चित्रे ५९ ची ५८ झाली. एका चित्राच्या मोबदल्यात सारा उन्हाळा निर्धास्त गेला.

तेव्हा कोठे आजोबांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हाती आले. कारखानदाराने राखून ठेवलेला वेग वाया गेलेला नसतो. तो मे महिन्यातील दुपारचा असतो, पाच वर्षांनी धूळ बसलेल्या पंख्याचा असतो, आणि त्याच यंत्रावर विसंबून काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा असतो. त्यातले काहीच घेऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः घेतले आहे व त्याचा आनंदही मनमुराद लुटला आहे. पण जे घ्यावयाचे, ते मोजून घ्यावे, त्या दुसऱ्या धन्याचा वाटा बाजूला काढून घ्यावे. आमच्या शालेय बंधुभगिनींपैकी कोणास ही हौस असेल, तर त्यांनी प्रथम रॅमच्या दोन स्टिक आहेत ना व त्या छापील वेगाने चालतात ना, एवढे पाहावे. पुष्कळदा निम्म्याहून अधिक लाभ तेथेच पडून असतो. पुढे जावयाचे तर वही घ्यावी, पायरी पायरीने चढावे आणि जेथे पहिली चूक दिसेल, तेथून खाली उतरण्यास लाजू नये.

ताईचा प्रबंध जूनमध्ये विद्यापीठास सादर झाला. त्यातील कोष्टके तिने पेन ड्राइव्हवरील जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली होती. एकही आकडा हललेला नव्हता.