जयणेने केलेली सुतारी

मराठवाड्यातील जुन्या व्यापारी घरांत लाकडाचा सहवास पदोपदी असे. नांदेड-लातूरकडील माळवदी वाड्यांचे खांब व तुळया, पेढीवरचा गल्ला, खतावणी लिहिण्याचे उतरते डेस्क, शास्त्र ठेवण्याची चौकी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदांची जड माती हजारो जिवांवर कोसळली. त्यानंतर अनेक कुटुंबांनी माळवदे उतरवून सिमेंटची घरे बांधली. उतरवलेले सागवान कोठे अडगळीत पडले, कोठे सरपणाच्या भावाने गेले.

श्रावकाने या लाकडाचे मोल वेगळ्या दृष्टीने करावे. पंधरा कर्मादानांत वनकर्माचा समावेश आहे. जुन्या तुळईची फळी उपयोगात आणली, तर नव्या झाडावर कुऱ्हाड पडत नाही. घरी सुतारी शिकू पाहणाऱ्याने आरंभी शास्त्रासाठी लहान चौकीच करावी. करवत, रंधा, दोन पटाशा, गुण्या आणि हातोडी एवढी अवजारे त्यास पुरतात.

काम सुरू करण्यापूर्वी प्रतिलेखन हवे. छिद्राखाली ताजा भुसा पडत असेल, तर आत जीव आहे असे समजून तो तुकडा बाजूस ठेवावा. मग लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत, अन्यथा करवतीचे दात जातात. काम दिवसाच्या उजेडातच करावे. रेघ स्पष्ट दिसते आणि दिव्यावर कीटकही येत नाहीत.

मोजमापात व्यापाऱ्याची सवय उपयोगी पडते. धान्यात जशी घट धरावी लागते, तशी करवतीच्या पात्याची जाडीही हिशेबात धरावी. रेघेवरून न कापता रेघेच्या टाकाऊ बाजूने कापावे. रंधा रेषांच्या दिशेने चालवावा. उलट चालवल्यास लाकूड उचकटते. पायाच्या टोकाला कुसू काढून ते फळीच्या भोकात हाताच्या दाबाने बसेल एवढेच घट्ट ठेवावे. हातोडीने ठोकून बसवले, तर फळी चिरते.

खरा विवेक पुढे लागतो. पूर्वी सुतार जोडासाठी सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. 1959 साली बाजारात आलेल्या फेविकॉलसारख्या कृत्रिम पांढऱ्या डिंकाने ही अडचण दूर केली. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून जोडाचा भाग त्याच दिवशी रंधून मगच चिकटवावा आणि एक दिवस दाबून ठेवावा. चकाकीसाठी वापरले जाणारे लाखेचे पॉलिश कीटकांपासून मिळते; लाक्षावाणिज्य हेही कर्मादानच आहे. त्याऐवजी रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल पातळ लावून पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्यावे. एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नये; ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकावी.

अशी चौकी बाजारातील चौकीइतकी गुळगुळीत होणार नाही. परंतु तिच्यावर शास्त्र ठेवताना घरातील मुलाने विचारले, की ही कशाची आणि कशी बनली, तर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निःसंकोच देता येईल.