जोडीचं गणित एकट्याच्या फाइलीवर होत नाही

डिफरेन्शियल ऍम्प्लिफायरला दोन कामं असतात: दोन तारांमधला फरक वाढवायचा आणि दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट दाबायचा. दुसरं काम नको असेल तर साध्या ऍम्प्लिफायरवर भागतं. तरीही एस-पॅरामीटर (पोर्टांवर येणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या लहरींची गुणोत्तरं) वापरून केलेल्या बहुतेक सिम्युलेशनमध्ये आलेख असतो तो पहिल्याच कामाचा. माझं म्हणणं असं, की ट्रान्झिस्टरच्या कंपनीने दिलेली दोन पोर्टांची एस-पॅरामीटर फाइल दोनदा ठेवून केलेलं सिम्युलेशन दुसऱ्या कामाबद्दल नुसतं गप्प राहत नाही, ते चुकीची साक्ष देतं. हा प्रश्न पुस्तकी नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि तिथले कमी वारंवारतेचे फीड डायपोलचे आहेत. डायपोलच्या दोन भुजा समतोल असतात, कोॲक्सिअल केबल तशी नसते. त्यामुळे मध्ये बालन (समतोल बाजू असमतोल बाजूला जोडणारा घटक) तरी घालावा लागतो, नाहीतर ऍम्प्लिफायरच डिफरेन्शियल करावा लागतो. पहिल्या ऍम्प्लिफायरच्या आधी बालन घातला की त्यात जितका सिग्नल वाया जातो, तितकी नॉइज फिगर बिघडते. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असताना हा सौदा महाग पडतो.

आता पुरावा पाहू. कंपनी ट्रान्झिस्टर मोजते तो एमिटर जमिनीला जोडून. त्या मोजणीतून बेस आणि कलेक्टर या दोन पोर्टांचे चार आकडे मिळतात. डिफरेन्शियल जोडीत मात्र दोन्ही एमिटर एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्याखाली करंट सोर्स असतो. इनपुट विरुद्ध दिशेने हलले, तर जोडबिंदू जागचा हलत नाही, म्हणजे जमिनीला टेकल्यासारखाच वागतो. म्हणून डिफरेन्शियल गेनचं उत्तर बरोबर येतं आणि इथेच फसगत होते. दोन्ही इनपुट एकाच दिशेने हलले, की करंट सोर्स आडवा येतो आणि गेन कोसळतो. ज्यासाठी ही रचना केली, ते हेच. पण फाइलीत एमिटर जमिनीलाच बांधलेला असल्यामुळे सिम्युलेशन दोन्ही गेन सारखेच दाखवतं, म्हणजे दोन्ही तारांवरचा सारखा गोंगाट दाबण्याची क्षमता, अर्थात कॉमन मोड रिजेक्शन, शून्य डेसिबेल. बैल एकेकटा पळवून पाहिला, तर जुवाखाली जोडी कशी चालेल हे कळत नाही, तसंच हे.

यावरचा उपाय नवा नाही. डेव्हिड बोकलमन आणि विल्यम आयझेनस्टॅट यांनी १९९५ साली मिश्र-मोड एस-पॅरामीटरची मांडणी प्रसिद्ध केली. चार पोर्टांचे सोळा आकडे घ्यायचे आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून चार गट पाडायचे: फरकातून फरक, सारखेपणातून सारखेपणा, आणि एकातून दुसऱ्यात होणारी दोन रूपांतरं. १ आणि ३ हे इनपुट, २ आणि ४ हे आउटपुट धरले, तर डिफरेन्शियल गेन म्हणजे एस-२१ वजा एस-२३ वजा एस-४१ अधिक एस-४३, या सगळ्याचं निम्मं. संदर्भ इम्पीडन्सही बदलतो. एका तारेला ५० ओहम असेल, तर डिफरेन्शियल मोडला १०० आणि कॉमन मोडला २५. खरी माहिती रूपांतराच्या गटांत असते. समजा, दोन्ही बाजूंचा गेन १० आहे, पण त्यांच्या फेजमध्ये ५ अंशांचा फरक आहे. मग कॉमन मोडमधून डिफरेन्शियलमध्ये गळणारा सिग्नल मूळ गेनच्या फक्त २७ डेसिबेल खाली राहतो. एक गिगाहर्ट्झला ५ अंश म्हणजे साध्या एफआर-४ बोर्डवरच्या ट्रॅकची सुमारे सव्वादोन मिलिमीटर लांबी. दोन पोर्टांच्या फाइलीत ही गळती दिसायला जागाच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. चार पोर्टांचा व्हेक्टर नेटवर्क ऍनालायझर महाग असतो. लहान गावात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तो कुठून आणायचा? आणायची गरज नाही. कंपनीची फाइल फुकट मिळते. तिचे एस-पॅरामीटर ऍडमिटन्समध्ये बदलायचे आणि एमिटर हे तिसरं टोक मोकळं करायचं. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य यायला हवी, एवढ्या नियमावर उरलेले पाच आकडे निघतात. मग असे दोन ट्रान्झिस्टर एमिटरला जोडून खाली करंट सोर्सचा इम्पीडन्स ठेवला, की चार पोर्टांचं मॉडेल तयार होतं. क्यूक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरवर हे साध्या लॅपटॉपवर जमतं. पॅकेजच्या पायांचं इंडक्टन्स आणि जमिनीशी असलेली कपॅसिटन्स वरच्या वारंवारतेला या हिशेबात चूक आणतात, हे खरं. पण ती चूक किती, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एस-पॅरामीटर एका ठरावीक बायसवर, लहान सिग्नलसाठी मोजलेले असतात; मग त्यांच्यावर एवढी मेहनत कशाला? मर्यादा मान्य आहे. सिग्नल मोठा झाल्यावर येणारी विकृती किंवा बायस सरकल्याचा परिणाम या फाइलीतून कळणार नाही. त्यासाठी ट्रान्झिस्टरचं स्पाइस मॉडेलच हवं. पण समतोल, मॅचिंग आणि स्थैर्य हे लहान सिग्नलचेच प्रश्न आहेत. स्थैर्य तर नुसतं डिफरेन्शियल मोडमध्ये तपासून भागत नाही, कारण तिथे शांत असलेली जोडी कॉमन मोडमध्ये ऑसिलेट होऊ शकते. म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि तो तपासणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच: अहवालात डिफरेन्शियल गेनसोबत कॉमन मोड गेन, दोन्ही रूपांतरं आणि दोन्ही मोडमधलं स्थैर्य यांचे आलेख नसतील, तर तो अहवाल पूर्ण झाला असं समजू नका.