बंब

गणपती उठले की माझ्या कामाला ऊत येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी आधी छापखान्यात उजाडते. मी माहीमला राहत्या घरातच डीटीपी करते. कथा, कविता, राशिभविष्य, शेवटच्या घटकेला येणाऱ्या जाहिराती, सगळं या दीड-दोन महिन्यांत येऊन पडतं. नेमका त्याच दिवसांत ऑक्टोबरचा उकाडा. घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि तिथेच आईची खाट. आईची झोप फार सावध. अंक मात्र रात्रीच हातावेगळे होतात. दिवसा कधी जाणवलाही नाही असा कॅबिनेटमधला पंखा रात्री दोन वाजता घर डोक्यावर घ्यायचा.

आवाजाइतकाच जाच माहीमच्या हवेचा. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण खिडकीचे गज, कुलपं, सायकलची साखळी, सगळ्यांना तो भेटून जातो. पंखा तीच खारी हवा ओढून मदरबोर्डावर सोडतो, सोबत रस्त्याची धूळ आणि फोडणीचा धूरही. आधी कॅबिनेटचे स्क्रू तांबूस होतात, मग पंख्याचं बेअरिंग कुरकुरायला लागतं. लॅमिंग्टन रोडवरून नवा पंखा आणावा, की काही महिन्यांत पुन्हा तेच. कॅबिनेटमध्ये हवा खेचावीच लागू नये, असं काहीतरी हवं होतं.

ते मी लहानपणीच पाहिलेलं होतं, सातारा जिल्ह्यात आजोळी. गावातली पिठाची गिरणी तेव्हा डिझेल इंजिनावर चाले. धुराड्याची पुकपुक ऐकू आली की बायका दळणाचे डबे घेऊन निघत. आजीबरोबर मीही जाई. इंजिनाशेजारी चौथऱ्यावर पत्र्याची मोठी टाकी होती आणि दोघांना जोडणारे दोन पाइप, एक वर, एक खाली. मला इंजिनापेक्षा त्या पाइपांचं नवल वाटे. एकदा गिरणीवाले अण्णा म्हणाले, "खालच्याला हात लाव. वरच्याला नको, भाजशील." खालचा जेमतेम कोमट होता. वरच्याजवळ नुसता हात नेला तरी धग लागली. पंप कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पंप कशाला? तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, निवलेलं खाली उतरतं. फक्त टाकीतलं पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली जाऊ द्यायचं नाही." इंजिनाला हँडल मारण्याआधी ते रोज टाकीत डोकावत. पाणी तोंडाखाली गेलं की फेरा तुटतो आणि इंजिन तापून बसतं.

या फेऱ्याला थर्मोसायफन म्हणतात, हे पुढे कॉलेजात कळलं. फोर्डच्या मॉडेल टी मोटारी याच तत्त्वावर थंड राहत, आणि पुण्यातल्या गच्च्यांवरचे सौर बंबही पंपाशिवाय असेच चालतात. पंपाशिवाय वाहणाऱ्या पाण्याचं मुंबईकरांना तर अप्रूप वाटायला नको. 1892 साली पुरं झालेल्या तानसा धरणाचं पाणी उताराच्या जोरावरच शहराकडे येतं.

आमच्या घरातला बंब तांब्याचा. मधोमध आरपार नळकांडं, त्यात कोळसे आणि नारळाच्या करवंट्या, भोवती वीसेक लिटर पाणी. माझ्या लहानपणी सगळ्यांच्या आंघोळी त्याच्यावर होत. आई दर आठवड्याला त्याला चिंच लावून घासायची. मोरीच्या अंधारात तेवढी एकच वस्तू झळकायची. मग गॅस आला, नंतर गीझर आला आणि बंब पोटमाळ्यावर गेला. मोडवाल्याने वजनावर भाव केला, आईने दिला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "राहू दे, खातोय का काही?"

पंख्याला कंटाळून मी पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरांची माहिती काढली, तेव्हा सगळीकडे पंप भेटला. झालमन या कोरियन कंपनीने काढलेला रिझरेटर म्हणजे ॲल्युमिनियमचा दोनेक फूट उंच स्तंभ. त्याला पंखा नाही, तरी बुडाशी छोटा पंप आहेच. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेतात. तिथे शेकडो प्रोसेसर, त्यामुळे पंपाला पर्यायच नाही. माझ्या घरात प्रोसेसर एक, आणि तोही भरात आला तरी 65 वॉटचा. गिरणीच्या इंजिनापुढे ही उष्णता ती काय! मग टाकीच्या जागी पोटमाळ्यावरचा बंबच का नको? एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे 4,200 जूल लागतात. त्या हिशेबाने माझा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला आणि उष्णता कुठेच गेली नाही, तरी बंबातलं पाणी एका अंशाने चढायला वीस मिनिटांच्या वर लागतील. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजारपट उष्णता पोटात घेतं.

बंब खाली उतरवला आणि तांबाकाट्याला एका कारागिराकडे नेला. खालची तोटी होतीच, वरच्या अंगाला आणखी एक तोंड जोडून हवं होतं. त्याने बंब उलटासुलटा करून पाहिला, बोटाने वाजवला आणि विचारलं, "ताई, याच्यात पाणी तापवायचंय का निववायचंय?" निववायचंय म्हटल्यावर त्याने नळकांड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मग हे भोक बुजवू नका." ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाणी कोमट झालं की नळकांड्यातली हवाही तापून वर निघते आणि जाळीखालून खोलीतली हवा आत येते. निखाऱ्यांसाठी केलेली वाट पाण्याला निववण्याच्या कामी येते.

खरी मेहनत प्रोसेसरवरच्या ठोकळ्याची. बाजारात मिळणाऱ्या ठोकळ्यांत केसासारख्या बारीक फटी असतात, त्यांतून पाणी ढकलायला पंपच लागतो. इथे गरम आणि गार पाण्याच्या वजनातला फरक हाच काय तो जोर. अर्धा मीटर उंची आणि दहा अंशांचा फरक धरला, तर तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा भरतो. म्हणून जाड तांब्याच्या ठोकळ्यात रुंद, आरपार भोकं पाडून घेतली, नळ्या अर्ध्या इंचाच्या घेतल्या. बंब कॅबिनेटपेक्षा उंच, भक्कम स्टुलावर. गरम पाण्याची नळी सतत चढती हवी. मध्ये कुठे झोळ पडला की हवेचा बुडबुडा अडकतो आणि फेरा थांबतो. सगळीकडे तांबंच ठेवलं, कारण त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ते झिजायला लागतं. पाणी डिस्टिल्ड. वीज न जोडता आधी कित्येक दिवस नुसतं पाणी भरून ठेवलं आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला. ज्या घरात विजेच्या यंत्राच्या डोक्यावर वीस लिटर पाणी ठेवायचं, तिथे इतकी खबरदारी हवीच. पॉवर सप्लाय बिनपंख्याचा घेतला, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी.

कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी दोन्ही नळ्यांवर हात ठेवून बसले होते. बराच वेळ काहीच कळेना. मग वरच्या नळीला ऊब आली, खालची गारच राहिली. अण्णांच्या गिरणीतला फेरा माहीमच्या दोन खोल्यांत सुरू झाला होता.

रात्रभर काम केलं तर पहाटे बंबातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा दहाएक अंशांनी गरम असतं, आणि प्रोसेसर साठ अंशांच्या आत राहतो. सकाळी कॉम्प्युटर बंद केला की संध्याकाळपर्यंत पाणी निवतं. झाकण मी घट्टच ठेवते. मुंबईच्या दमट हवेत माठसुद्धा नाशिकइतका गार पडत नाही, तेव्हा बाष्पीभवनावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, आणि पातळी टिकली पाहिजे. आठवड्यातून एकदा झाकण काढून वरचं तोंड बुडालेलं आहे ना, एवढं पाहते.

हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही. दोन-अडीचशे वॉट खाणारं ग्राफिक्स कार्ड असेल, व्हिडिओचं काम असेल, तर वीस लिटर पाणी आणि एक बंब पुरणार नाही. मे महिन्यातल्या दुपारी माझंही काम मी आवरतं घेते. पण लिहिणं, अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, हिशेब यांसाठी घरात घरघरणारा पंखा असावाच लागतो, हे मला आता पटत नाही. लहान घरात एकाचं काम आणि दुसऱ्याची झोप एकाच छताखाली, एकाच खोलीत चालते. तिथे शांतता ही चैन नव्हे, ती पाण्याच्या वेळेइतकी गरजेची आहे. आई आता माझ्या कामाच्या रात्रीही सलग झोपते.

तुमच्या पोटमाळ्यावर असा बंब असेल तर तो वजनावर मोडीत घालण्याआधी काठोकाठ भरून एक रात्र कोरड्या फरशीवर ठेवून पाहा. सकाळी खाली ओल नसेल, तर तो अजून कामाचा आहे.