एकवीस अंकी संख्या आणि तीन वर्षांचे रविवार

१/ १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.
ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात, उणे १. एका चुकीच्या विधानामुळे ती इतिहासात आली आणि एका आख्यायिकेमुळे प्रसिद्ध झाली. विधान आणि आख्यायिका यांची पारख मात्र सारख्याच रीतीने होत नाही.

२/ २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते? पॅरिसमधील ख्रिस्ती साधू व विद्वान मारँ मर्सेन याने १६४४ मध्ये आपल्या ग्रंथात २५७ पर्यंतचे असे ११ घातांक दिले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. सिद्धता दिली नाही.

३/ युरोपभरच्या विद्वानांशी मर्सेनचा पत्रव्यवहार होता. त्याच्या शब्दाला वजन होते. शिवाय एवढ्या मोठ्या संख्या हाताने तपासणार कोण? ३१ हा घातांक बरोबर असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. ६७ ची पाळी येण्यास आणखी शतक लोटले.

४/ १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने सिद्ध केले, की ही संख्या मूळ नाही. विलक्षण गोष्ट अशी, की त्याच्या पद्धतीतून अवयव हाती येत नव्हते. संख्या विभाज्य आहे हे निश्चित; कशाने, हे अज्ञात!

५/ शोधाला एक आधार होता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवल्यानेच मिळतो, हे फर्माच्या काळापासूनच्या सिद्धान्तावरून ठाऊक होते. तरीही सर्वांत लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीच्या पुढे दडलेला होता.

६/ ३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले :
१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.
आपली पद्धत त्यांनी त्याच वर्षी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात विशद केली.

७/ आख्यायिका सांगते, की कोल फळ्यापाशी गेले, एक शब्दही न उच्चारता गुणाकार केला आणि जागेवर बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. या कामाला किती काळ लागला, असे विचारता ते म्हणाले, ‘तीन वर्षांचे रविवार’. ही कथा रूढ झाली ती एरिक टेंपल बेल यांच्या लेखनातून. बेल हे कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले; कोल तेथेच प्राध्यापक होते. म्हणजे उत्तर प्रत्यक्ष कोल यांच्याकडून ऐकण्याची संधी बेल यांना होती. पण १९०३ मध्ये ते वीस वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण दूर कॅलिफोर्नियात चालले होते. शिवाय त्यांचा हा प्रसिद्ध वृत्तान्त घटनेनंतर कित्येक दशकांनी छापला गेला.

८/ म्हणून कथा खोटी ठरत नाही. ती एका रंगतदार लेखकाच्या स्मरणावर उभी आहे, एवढेच. इतिहासाच्या अभ्यासकाने ती सांगावी, पण सांगणाऱ्याच्या नावासह.

९/ मर्सेनच्या यादीची पूर्ण तपासणी १९४७ मध्ये संपली. ६७ व २५७ चुकीचे. ६१, ८९ व १०७ राहून गेलेले. ६१ च्या जागी ६७ छापले गेले असावे, असाही एक तर्क आहे. तो सिद्ध करण्यास आज मर्सेन नाही.
कोल यांचा गुणाकार मात्र कोणाच्याही साक्षीवाचून पडताळता येतो. त्यासाठी एक कागद व एक निवांत दुपार पुरेशी आहे.