शाळेंतील प्रार्थना

सरस्वतीवंदनानें मुलांचें काय बिघडतें, असें आमच्या घरांतील वडील मंडळी विचारतात. आमच्या मुलांचें कांहींच नाहीं. परंतु चंद्रपुरांतील त्याच वर्गांत गडचिरोलीकडील गोंड मुलेंही बसतात. त्यांचें दैवत पर्सापेन. मिशनरी शाळेंत येशूची प्रार्थना सक्तीची झाली असती, तर हींच वडील मंडळी संतापलीं असतीं! राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वयें अनुदानित शाळेंतही पालकांच्या संमतीवांचून उपासनेची सक्ती करतां येत नाहीं. हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाचा पक्ष मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ सालीं याच आधारें उचलून धरला. आमच्याकडे संमतीचा कागद आजवर आलेला नाहीं. पुढील पालकसभेंत तो मागण्याचें आम्हीं ठरविलें आहे. घरांत मात्र अजून सांगितलेलें नाहीं.