दिवठणीवरील दिवे



गणित व यंत्रविद्या ह्यांच्या अभ्यासास उपयोगी पडणारीं इंटरनेटवरील साधनें कोणतीं, ह्याविषयीं कांहीं लिहावें, असा आपल्या वार्षिकाच्या संपादकांचा आग्रह पडला. अशा साधनांची नुसती यादी देणें सोपें आहे. परंतु यादी वाचून कोणी शहाणा झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. म्हणून प्रथम मी स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहें. ह्या साधनांचा खरा उपयोग मला त्या चुकीनेंच शिकविला.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दहावीच्या वर्गास क्रमिका शिकवीत होतों. फळ्यावर मीं एक वर्तुळ काढलें. परिघावर एकच बिंदु असेल तर वर्तुळाचा भाग एक. दोन बिंदु जोडले तर भाग २. तीन बिंदु परस्परांस जोडले तर ४. चार बिंदूंचे ८. पांच बिंदूंचे १६. "आतां सहा बिंदु घेतले तर?" असा प्रश्न मीं केला, आणि उत्तराची वाट न पाहतां स्वतःच '३२' असें लिहून टाकलें. दुपटीमागून दुपट येत आहे, हें सर्वांस दिसतच होतें. मग मोजावयाचें कशाला?

दुसरे दिवशीं मागच्या बाकावरील एक मुलगी वही घेऊन आली. "सर, मला बत्तीस मिळत नाहींत," ती हळूच म्हणाली. मीं वही पाहिली. एका आकृतींत तिनें ३० भाग मोजले होते व दुसरींत ३१. "एकदां तीस, एकदां एकतीस! म्हणजे तुझ्या मोजण्यांतच चूक आहे. घरीं जाऊन नीट मोज," असें म्हणून मीं वही परत केली. शेजारचीं मुलें हंसलीं. ती खालीं मान घालून जागेवर गेली. आणि त्यानंतर आठ दिवस तिनें वर्गांत एकदांही हात वर केला नाहीं.

तो न वर झालेला हात मला टोंचूं लागला. अखेर एके रात्रीं मी कंपास व पेन्सिल घेऊन बसलों. सहा बिंदु घेतले, सर्व जीवा काढल्या, व एकेका भागांत अंक लिहीत गेलों. ३१ आले. पुन्हां मोजले, पुन्हां ३१. आपल्याच हातावर विश्वास बसेना, म्हणून संगणक उघडला, व पूर्णांकांच्या क्रमिकांचा जो एक मोठा कोश इंटरनेटवर आहे (त्याचें नांव 'ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस'), त्यांत १, २, ४, ८, १६, ३१ अशीं सहा पदें लिहिलीं. क्षणार्धांत उत्तर आलें कीं, वर्तुळावरील बिंदु सरळ रेषांनीं जोडले असतां जास्तींत जास्त जितके भाग होतात त्यांची ही क्रमिका असून तिचीं पुढील पदें ५७, ९९, १६३ अशीं आहेत.

तेथें दिलेल्या सूत्रावरून कारणही उलगडलें. प्रत्येक जीवा वर्तुळाचा एक भाग वाढविते, आणि दोन जीवांचा प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंच्या जीवा १५. कोणतेही चार बिंदु घेतले असतां त्यांच्या जीवांचा वर्तुळाच्या आंत एकच छेद मिळतो, म्हणून छेदही १५. त्यांत मूळचा एक भाग मिळविला म्हणजे ३१. आणि तिच्या ३० चें काय? त्या आकृतींत तिनें बिंदु समान अंतरावर घेतले होते. त्यामुळें तीन मोठ्या जीवा केंद्रांतूनच गेल्या, व एरव्हीं मध्यें पडणारा इवलासा त्रिकोण नाहींसा झाला. मुलीचीं दोन्ही उत्तरें बरोबर होतीं. चुकलेलें उत्तर एकच, तें फळ्यावरील माझें.

दुसरे दिवशीं मीं वर्गांत ३२ हा अंक पुन्हां लिहिला, सर्वांदेखत खोडला, आणि त्या मुलीस पुढें बोलावून खडू तिच्या हातीं दिला. "मीं न मोजतां सांगितलें, हिनें मोजून सांगितलें तें मीं ऐकलें नाहीं. ह्याबद्दल मी हिची क्षमा मागतों," असें मीं म्हटलें. आकृति काढतांना आरंभीं तिचा हात कांपत होता. एकतिसावा भाग मोजीपर्यंत तो स्थिर झाला.

आतां ह्या कोशाची हकिकत ऐका. १९६४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत नील स्लोन नांवाचे तरुण आपल्या प्रबंधाचें काम करीत असतां त्यांस एक क्रमिका अडली. तिचा पत्ता कोणत्याही ग्रंथांत लागेना. तेव्हां त्यांनीं स्वतःच क्रमिका जमवून कार्डांवर टिपण्यास आरंभ केला. १९७३ सालीं त्यांचें पुस्तक निघालें, त्यांत २,३७२ क्रमिका होत्या. पुढें १९९६ सालीं हा संग्रह इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुला झाला, व आज त्यांत साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. स्वतःची गरज भागल्यावर त्यांनीं तीं कार्डें पेटींत बंद करून ठेविलीं नाहींत. दिवा मापाखालीं न झांकतां दिवठणीवर ठेवणें म्हणतात तें हेंच.

ह्या कोशांत आपल्या महाराष्ट्रांतील एका शाळामास्तरांचें नांवही आढळतें. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळेंत शिकवीत असत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हां ४५. अशा संख्यांस आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. त्यांचें चरित्र स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या 'मॅकट्युटर' ह्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतें. तें अवश्य वाचा.

ज्यांस पुढें यंत्रविद्या शिकावयाची असेल त्यांनीं 'एन.पी.टी.ई.एल.' पाहावें. आय.आय.टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांच्या ह्या उपक्रमांत थोर अध्यापकांचीं व्याख्यानें घरबसल्या फुकट ऐकावयास मिळतात. महाविद्यालयांत गेल्यावर मोठमोठ्या सूत्रांसाठीं अमेरिकन सरकारच्या मानक-संस्थेनें २०१० सालीं खुलें केलेलें गणिती फलांचें 'डिजिटल लायब्ररी ऑफ मॅथेमॅटिकल फंक्शन्स' उपयोगीं पडेल. त्यांत सांपडलेल्या चुकांची दुरुस्तीही उघडपणें नोंदलेली असते, हा गुण मला विशेष वाटतो.

याहून पुढची पायरी म्हणजे 'आर्काइव्ह'. पॉल गिन्सपार्ग यांनीं १९९१ सालीं सुरू केलेल्या ह्या भांडारांत संशोधक आपले नवे लेख सर्वांसाठीं ठेवितात. मात्र तेथें घेण्यापूर्वीं लेखांची स्थूल चाळणी होते, प्रत्येक सिद्धता तपासली जात नाहीं. २००२ व २००३ सालीं रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनीं प्वांकारे यांच्या सुमारें शंभर वर्षें अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाची सिद्धता तेथेंच ठेविली. परंतु केवळ तेथें ठेविली म्हणून ती खरी ठरली नाहीं. इतर गणितज्ञांनीं कित्येक वर्षें ती कसोशीनें तपासली, तेव्हां ती मान्य झाली. पेरेलमानांसारख्यांचें लिखाणही तपासावें लागतें, तर इतरांची कथा काय!

मित्रहो, एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवा. त्या रात्रीं मीं कोशांत १, २, ४, ८, १६ एवढींच पदें लिहिलीं असतीं, तर दुपटीचीच क्रमिका मला प्रथम भेटली असती, व मी आपल्या चुकीवर निश्चिंतपणें झोंपीं गेलों असतों. सत्याचें दार उघडलें तें सहाव्या पदानें. आणि तें पद एका मुलीनें पेन्सिलीनें, मान मोडून, उपहास सोसून मिळविलेलें होतें. भांडार कितीही मोठें असो, ज्यानें स्वतः मोजलें आहे त्यासच तेथें काय विचारावें हें कळतें.

पालकांस एकच विनंति आहे. मुलानें इंटरनेटवरून उत्तर आणलें म्हणजे "कोठें मिळालें?" एवढेंच विचारूं नका, "तूं स्वतः किती मोजलेंस?" हेंही विचारा. आणि त्याचें उत्तर तुमच्या उत्तराशीं जुळलें नाहीं, तर त्याची वही परत करण्यापूर्वीं एकदां आपणही पेन्सिल हातीं घ्या. मीं ती आठ दिवस उशिरां घेतली, ह्याची खंत मला अजून आहे.