बॉनेट उंच, आत डिझेल

मागच्या वीकेंडला दहिवडीला गेलो, जीपच्या कामाला. आमची महिंद्राची सीजे-३बी. हिचं मूळ 'हरिकेन' इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. पण उघडलं तर आत डिझेल! पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनी बसवलेलं. हरिकेन तेव्हाच भंगारात गेलं.

आता लोच्या असा, की २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपातच हवी. मी जुनं इंजिन शोधायला निघालो, तर अण्णा म्हणाले, "मग प्रदर्शनातच मिरवायची ना? रानात कशी न्यायची?"

खरंच, व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. (अण्णांनी नियम कधी वाचले, देव जाणे!)

असो. डिझेल राहू दिलं. रविवारभर गंज घासला. मागच्या फाळक्यावर पाण्याच्या बॅरलांचे पोचे आहेत, दुष्काळातले. ते तसेच ठेवले.